बिभीषणचा अंगठा

आता गोळ्या हायेत म्हनून मी मनकर्णा जिवंत हाय. अठ्ठ्यान्नव साली गरिबाला गोळ्या कुठल्या? नगरजवळ एका पत्र्याच्या आश्रमात एड्सची मानसं मरायला आनून टाकायचे. त्यांचं हागनंमुतनं मी काढायची. रोग मलाबी हुता, नवऱ्यानं दिलेला.

तिसगावकडचा बिभीषण, ऊसतोडीचा गडी, पार काटकी झाल्ता. त्याची बायको सुकन्या त्याला शिवत नव्हती. मी तिच्यासमोर त्याचं उष्टं खाल्लं, अंगाला तेल चोळलं. शिवून काय हुत न्हाई गं, सांगून सांगून माझं तोंड दुखलं. पंधरा दिसांनी तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मरीन तर हिच्या हातात, एवढंच त्यो म्हनायचा.

एका दुपारी त्याचा थोरला भाऊ छगन दोन गडी घेऊन आला. वाटनीची जमीन सोडल्याचा कागद आन् शाईचं पॅड संगं. पन भावाचा हात धरायची एकाचीबी छाती व्हईना. म्हनं मर्द!

"बाई, तूच उठव अंगठा," छगन मला म्हनला. "तुला सवय हाय."

"जमीन त्याच्या बायकोपोरीची हाय. तुझ्या हातानं घे, न्हाईतर चालायला लाग."

त्यानं काठीच घातली. माझं डोकं फुटलं. सुकन्या मधी पडली तर तिला केस धरून भिंतीवर आपटलं, पोटात लाथा घातल्या. त्याच्या एका गड्यानं बिभीषणला खाटंवरून खाली ढकललं, तेबी काठीनंच.

माझं टाळकं सरकलं. कपाळाचं रगात हातावर घेतलं आन् छगनच्या तोंडाला फासलं.

"घे. मलाबी त्योच रोग हाय. आता तूबी मेलास."

गुरावानी हंबरत, मातीनं तोंड खरवडत त्यो पळाला. गडी त्याच्याबी आधी पळाले. कागद मी फाडला. लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

वळून बघते तर सुकन्या भिंतीला चिकटलेली.

"मनाबाई, नुसतं लागून व्हतं व्हय?"

"न्हाई गं. त्यांला भ्या दावलं."

"मग म्या कुनाचं खरं मानू?"

बिभीषण भुईवर पडून तिच्याकडं हात करत हुता. ती हलली न्हाई. मी एकटीनंच त्याला उचलला.

जमीन वाचली. त्यो पुढं चार दिस जगला. सुकन्या यायची, लांब बसून रडायची. चौथ्या दिशी त्यानं हात उचलला, मी धरला.

"तू न्हवं," म्हनला.