कर्टिसचं हॉटडिश

मंगळवारी सकाळी अर्डिसबाईंनी एक काचेचं भांडं घासून पुसून पिशवीत घातलं. तळाच्या चिकटपट्टीवर नाव होतं, कर्टिस एंगेन. आमच्या मिनेसोटातल्या या गावात मयताच्या घरच्यांना जो तो बटाट्याचं हॉटडिश, म्हणजे काचेच्या भांड्यातच भट्टीत भाजलेलं जेवण, आणून देतो, आणि भांडं परत द्यायला घरच्या माणसाने स्वतः जायचं असतं. बाईंचे यजमान व्हर्लिन जाऊन तीनच आठवडे झाले होते.

कर्टिस चर्चमध्ये दानाची थाळी फिरवतो आणि हपिसात विमे विकतो. बाकीचे आपली भांडी चर्चच्या तळघरात ठेवायला सांगतात. हा मेला हपिसात बोलावतो. सांगतानाही किळस येते, पण गाव याला माणुसकी म्हणतं.

चर्चच्या रविवारच्या शाळेत त्याला लहानपणी बाईंनीच शिकवलेलं. बाई भांडं घेऊन हपिसात गेल्या तेव्हा त्याने कॉफी दिली, व्हर्लिनच्या आठवणीने डोळे पुसले आणि व्हर्लिनने मागे ठेवलेली सगळी पुंजी एका ॲन्युइटीत, म्हणजे विमा कंपनीच्या गुंतवणूक योजनेत, घालायला लावली. तुला यात काय मिळतं, असं चर्चच्या माणसाला विचारणं आमच्याकडे असभ्य समजतात. बाईंनी विचारलं नाही.

पुढे करार टपालाने आला आणि आठ दिवस टेबलावर पडून राहिला. शुक्रवारी भाची मार्लिसने तो वाचला आणि तिचा चेहराच उतरला. पैसे शेअर बाजारात जाणार, बाजार पडला की तेही पडणार. वर कंपनी दरवर्षी आपला वाटा कापणार. सात वर्षांच्या आत काढले तर दंड. तिशीतल्या माणसाला हे कदाचित परवडेल, पण बाई एकोणऐंशीच्या, गुडघे गेलेले. थंडीच्या आत त्यांना वृद्धाश्रमात खोली घ्यायची होती, ती याच पैशातून. करार रद्द करायची मुदत तो हातात पडल्यापासून दहा दिवसांची होती, म्हणजे रविवारपर्यंत.

रविवारी प्रार्थनेनंतर तळघरात कॉफी चालली होती. मार्लिसला बरोबर घेऊन आलेल्या बाईंनी रद्द करण्याचं पत्र कर्टिसच्या कपाशेजारी ठेवलं.

"कर्टिस, तुला यात किती मिळणार होते?"

"बाई, देवाच्या घरात असलं बोलतात का?"

"व्हर्लिनला पुरलं त्या दिवशी भांडं तू मला इथेच, देवाच्या घरातच दिलंस. आकडा सांग."

"सात टक्के," तो पुटपुटला.

बाईंनी पेन पुढे केलं. पत्र मिळाल्याची सही त्याने सगळ्यांदेखत केली.

तेवढ्यात मागच्या टेबलावरची विधवा लव्हॉन हळूच म्हणाली, "मार्लिस, मी भांडं दोन वर्षांपूर्वी परत दिलं गं. माझं होईल का रद्द?"

मार्लिसने नकारार्थी मान हलवली. लव्हॉन कप विसळायला गेली आणि कितीतरी वेळ नळाशीच उभी राहिली. आम्ही चाळीस माणसं आपापल्या कपात बघत बसलो. त्यात मीही होते. त्याच्या हॉटडिशचं मी किती वेळा तोंड भरून कौतुक केलं होतं, शी!

काल माझ्या शेजारणीचा नवरा गेला. दुपारी कर्टिस गरम भांडं घेऊन तिच्या पायरीवर आला. दार मी उघडलं. त्याने भांडं पुढे केलं, पण मी हात पुढे केला नाही.