चक्की वर गेली ती अशी

“सोमवारी सकाळी या शेतात नांगर घुसणार. त्यानंतर तुमची गाडीच काय, गाडीची सावली जरी इथे पडली तरी मी हरकत घेईन!” असे म्हणून वकिलाने बांधावर काठी आपटली, तेव्हा मिस्त्री गाडीखाली उताणा पडलेला होता आणि त्याच्या तोंडात दोन नट होते, त्यामुळे उत्तर देणे त्याला शक्य झाले नाही. वकिलाने ते मौन ही संमती मानली आणि तो निघून गेला.

हा वकील म्हणजे खरा वकील नव्हे. कोर्टाची पायरी तो उभ्या जन्मात चढला नव्हता. परंतु शेजारच्याचे वासरू आपल्या हद्दीत शिंकले तरी त्याचा निवाडा झाल्याशिवाय त्याला घास उतरत नसे, म्हणून गावाने ही पदवी त्याला एकमताने बहाल केली होती. त्याचे शेत आणि मिस्त्रीचे पत्र्याचे वर्कशॉप यांच्यामध्ये एकच बांध होता, आणि टेकडीवरच्या वस्तीला जाणारी, गाडी चढेल अशी एकमेव वाट नेमकी त्या शेतातून निघत होती. पीक काढून शेत रिकामे झाले की वर्षातून तीन आठवडे ती वाट मोकळी असे. त्यांतले अडीच आठवडे संपले होते.

वरच्या वस्तीवर मिस्त्रीची थोरली बहीण दिली होती. तिला सगळे आक्काच म्हणत. अकरा वर्षे ती आणि वस्तीवरच्या बाया धान्याची पोती डोक्यावर घेऊन खाली दळायला येत होत्या. उतरायला एक तास, चढायला दोन. अखेर आक्काने एक जुनी चक्की मिळवली, वर घराशेजारी तिच्यासाठी चौथरा बांधून घेतला, आणि दगडाची जोडी, लोखंडी सांगाडा व इंजिन असा सगळा संसार भावाच्या वर्कशॉपात आणून टाकला. “आता तू वर पोचव,” ती म्हणाली. “पोचवतो,” तो म्हणाला. या एका शब्दाने त्याची झोप उडवली होती.

ट्रॅक्टर त्या वळणांवर वळत नव्हता. वळेल अशी एकच गाडी होती, मिस्त्रीची चार चाकांनी ओढणारी छोटी जीप. दोन आठवड्यांपूर्वी तिच्यावर चक्की लादून तो चढू लागला, आणि दुसऱ्या वळणावर मागचा ॲक्सल वाळक्या काटकीसारखा मोडला. गाडी घसरत येऊन एका खडकाला टेकली, म्हणून निभावले. त्याच वेळी बायांची रांग पिठाची ओझी घेऊन शेजारून चालली होती.

“मिस्त्रीदादा, आमचं दळण पोचतंय बरं का वर!” एक म्हणाली. “चक्कीला सांगू ना, सावकाश ये म्हणून?”

ते हसणे मिस्त्रीला त्या खडकापेक्षा जास्त लागले. त्याने मोडीत निघालेल्या एका मालट्रकचे दोन्ही ॲक्सल पैदा केले. मांडीएवढे जाड, अखंड लोखंडाचे. त्यांच्याशेजारी जीपचे जुने ॲक्सल छत्रीच्या दांड्यासारखे दिसत. अडचण एवढीच निघाली, की ट्रकच्या ॲक्सलवरचा दंतचक्रांचा फुगीर गोळा डाव्या अंगाला होता आणि जीपचा फिरता शाफ्ट उजव्या अंगाने येत होता. मिस्त्री एक संपूर्ण दुपार त्याकडे बघत बसला. मग त्याने दोन्ही ॲक्सल उताणे केले, आणि गोळा आपोआप उजवीकडे आला. इतकी सोपी गोष्ट दुसऱ्या कोणाला सुचली नसती, असे त्याला वाटले. आणि ते अक्षरशः खरे होते.

पुढचे पाच दिवस त्याने जे काम केले त्याला नावे ठेवायला जागा नव्हती. स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठका कापून दुसऱ्या अंगाला वेल्ड केल्या. पुढच्या ॲक्सलची चाके वळवणारी टोके कापून सुलटी केली आणि पुन्हा जोडली. तेलाचे भोक खाली गेले होते, ते बुजवून वर नवे पाडले. प्रत्येक टाका हातोडीने वाजवून पाहिला.

आक्का शनिवारी पाहायला आली. खाली वाकून ती बराच वेळ गोळ्याकडे बघत राहिली.

“काय रे, यावरची अक्षरं उलटी का दिसतात?”

“तुला वाचायचंय, का चक्की न्यायचीय?”

“न्यायचीय बाबा. पण लिहिणाऱ्यानं काही विचार करूनच लिहिलं असेल ना.”

“आक्का, तू पिठातलं बघ. लोखंडातलं मी बघतो.”

रविवारी सकाळी चक्की जीपवर चढली, दोरखंड आवळले गेले. वस्तीवरचे पाचपन्नास लोक उतरून आले होते. वकीलही आपल्या हद्दीच्या आत, बरोबर बांधावर, उभा होता. मिस्त्रीने समोरच्या लोकांना हाताने बाजूला सारले, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडी अत्यंत डौलाने मागे गेली, पाण्याचा ड्रम आडवा करून पत्र्याला टेकली आणि बंद पडली.

“गिअर चुकला,” मिस्त्री म्हणाला.

त्याने पुन्हा पहिला टाकला, मागेच. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे मागे. शेवटी त्याने रिव्हर्स टाकला, आणि जीप संथपणे पुढे निघाली. लोक असे हसले, की टेकडीवरचे पक्षी उडाले.

मिस्त्री उतरला. जमिनीवर खडूने दंतचक्रे काढली, मग उभा राहून ती उलट्या बाजूने पाहिली, आणि मटकन खाली बसला. गोळा उलटा होताच आतले मोठे चक्र लहान चक्राच्या एका बाजूचे दुसऱ्या बाजूला गेले होते. सगळे फिरणेच उलटे झाले होते. चार गिअर मागे, एक पुढे!

“सुलटं करायला किती दिवस?” आक्काने विचारले.

“तीन. कमीत कमी.”

सगळ्यांनी वकिलाकडे पाहिले.

“माझ्याकडे काय बघता? सोमवार म्हणजे सोमवार! पेरणीची वेळ तुमच्या गिअरवर ठरत नाही.” आणि इथे, सांगणाऱ्याला कितीही खटकले तरी, त्याचे म्हणणे वाजवी होते हे मान्य करायला हवे.

मिस्त्रीने मान खाली घातली. “आक्का, पुढच्या वर्षी. शब्द देतो.”

“तुझा शब्द आहे माझ्याकडे एक. त्याचं आधी बघू.” तिने पदर खोचला. “मागं जायला चार गिअर आहेत म्हणतोस ना? मग मागंच चल. चक्कीला कुठं कळतंय तोंड कुणीकडे आहे ते?”

“चढण आहे ती, आक्का! मागं बघत? ओझ्यासकट?”

“मागच्या वेळी पुढं बघतच गेला होतास ना? काय दिसलं?”

मिस्त्रीने चढाकडे पाहिले. मागच्या वेळी सगळे ओझे पाठीमागे असल्याने चढणीवर जीपचे नाक उचलले जात होते; रिव्हर्स टाकून पुढे चढले असते तरी तेच झाले असते. पाठ वर करून गेले तर ओझे चढाच्या अंगाला राहणार होते आणि नाक जमिनीवर. तो गाडीत बसला.

अशी ती वरात निघाली. जीप ढुंगणाकडून चढत होती. मिस्त्री उजव्या खांद्यावरून मान वळवून मागे पाहत होता. आणि आक्का त्याच्याकडे तोंड करून, उलट्या पावलांनी चढ चढत, हातवारे करीत होती.

“डावीकडे घे! डावीकडे!”

“घेतली की!”

“तुझ्या नाही रे, माझ्या!”

“कोणाची डावी धरायची ते आधी ठरवून घ्या,” चाकांच्या खुणा काठीने मोजत मागून येणारा वकील ओरडला. “अपघात झाला तर हाच मुद्दा निघेल!”

“तुम्ही आधी चाकामागून बाजूला व्हा,” आक्का म्हणाली, “नाहीतर मुद्दा तुमच्यासकट निघेल.”

दुसऱ्या वळणावर तोच खडक आडवा होता. एक चाक त्याच्यावर चढले, तीन चाकांनी माती उकरली, इंजिन गुरगुरले. कोणी हसत नव्हते. मागच्या वेळी आवाज ऐकू आला होता तो इथेच. मिस्त्रीने डोळे मिटून घेतले आणि पाय दाबला. काड्‌कन आवाज झाला.

“मोडला!” बाया ओरडल्या.

“ॲक्सल नाही,” आक्का खाली वाकून म्हणाली. “दगड. दोन तुकडे झालेत. चल!”

दुपारी चक्की चौथऱ्यावर बसली. बोल्ट आवळले, पट्टा चढला, इंजिन दोनदा खोकले आणि तिसऱ्यांदा लागले. पहिले ओंजळभर पीठ दगडाच्या भुकटीचे, म्हणून फेकून दिले. दुसरे कोमट, स्वच्छ आले. बायांनी पोती आणून रांग लावली होती, आणि डोक्यावरून उतरलेले प्रत्येक पोते आज फक्त घरापासूनच आले होते.

मिस्त्री दाराशी उभा होता. दोन तास मागे बघितल्यामुळे त्याची मान उजवीकडे वळली होती ती तिकडेच अडकली होती. काही केल्या सरळ होईना. वकील त्याच्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला. शेतात पडलेल्या दोन चाकोऱ्या, त्यांची खोली, बांधाचे सुटलेले ढेकूळ आणि जीप उलटी गेल्याने उभा राहणारा हक्काचा प्रश्न यांवर तो सविस्तर बोलू लागला.

“मिस्त्री, मी बोलतोय! इकडे बघा तरी!”

“फार इच्छा आहे हो,” मिस्त्री म्हणाला, “पण वळत नाही.”

उजवीकडे चक्की होती. पिठाने पांढऱ्या झालेल्या हातांनी आक्का पट्ट्यावरची धूळ झटकत होती. तो तिकडेच बघत राहिला.