घासभर पुरण

मित्रांनो, वारा पिऊन जगणारी मी एक जुनी नळी आहे. लांबी वीतभर, आणि तोंड एवढेसे की करंगळीही अडकावी. एका लहान प्रवासी विमानाच्या पंखाखाली मला बसवले होते. विमान धावू लागले की समोरचा वारा माझ्या तोंडात घुसायचा आणि त्याच्या जोरावर वैमानिकापुढच्या तबकडीचा काटा सरकायचा. आपण किती वेगाने चाललो आहोत, हे त्याला त्या काट्यावरून कळे. लोक कौतुक करायचे ते पंखांचे आणि इंजिनाचे. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे, पण माझे काम चोख होते.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या कारखान्यातला. तिथले आता काही आठवत नाही. आठवतो तो वारा. गोदावरीवरचा गार, परभणीच्या काळ्या रानावरचा कोरडा. तो पोटात भरला की अंग कसे हलके होऊन जायचे! आज इतक्या वर्षांनीही त्याच्यासाठी जीव तळमळतो.

तेव्हा निजामाचे राज्य होते आणि मोठी लढाई नुकतीच संपली होती. परभणीजवळच्या झरी गावाच्या बाजूला मुरूम टाकून केलेल्या एका मैदानावर आमचे विमान हैदराबादहून येऊन उतरायचे. मैदानाची राखण सटवाजी करायचा. त्याची बायको चतुराबाई धावपट्टीवरचे खडे वेचायची. त्यांचा एकुलता एक मुलगा उद्धव फौजेत गेला, तो अजून परतला नव्हता. विमानाचे दार उघडले की चतुराबाई हातातले काम टाकून उतरणाऱ्यांची तोंडे बघत उभी राहायची. शेवटचा माणूस उतरला की पुन्हा खाली वाकायची. मला फार वाईट वाटायचे. वाट बघणे काय असते, ते तेव्हा मला तिच्याकडे पाहूनच कळले.

त्या वर्षी खंडेनवमीला इंजिनाच्या दुरुस्तीसाठी विमान मैदानावरच मुक्कामाला राहिले. आपल्याकडे त्या दिवशी नांगर, विळे, कुऱ्हाडी धुऊन पुजतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. चतुराबाईने घरची औजारे पुजली आणि ताट घेऊन ती विमानाकडे आली. तिने चाकांना कुंकू लावले, पंख्याला झेंडूची माळ घातली. मग तिला मी दिसले. तोंड आहे म्हणजे भूक असणारच, असे तिला वाटले असावे. तिने पुरणाचा छोटासा घास केला, माझ्या तोंडात भरवला आणि बोटाने हलकेच आत सारला. इतक्या मायेने मला कधीच कुणी हात लावला नव्हता. मला बोलता आले असते, तर किती बरे झाले असते!

दुसऱ्या दिवशी निघताना मिस्त्रीने पंख्याची माळ काढली. माझ्या तोंडात मात्र कुणी पाहिले नाही. विमान धावले, वर उचलले गेले. वारा माझ्या ओठांशी आला आणि बाहेरच अडला. काटा जागचा हलेना. थोड्याच वेळात आम्ही ज्वारीच्या रानात आदळलो. वैमानिक आणि तीन उतारू जागीच गेले.

दिवस धामधुमीचे होते. पोलिसांना घातपाताचा वास आला. रात्री विमानाजवळ सटवाजी एकटाच होता, म्हणून त्याच्या हातात बेड्या पडल्या. फासावर जाणार, असे गावात जो तो बोलू लागला.

चौकशीला हैदराबादहून विमान कंपनीचे बन्सीधर नावाचे इंजिनिअर आले. अबोल माणूस. ते ज्वारीत फिरून एकेक तुकडा हातात घेऊन पाहत. पंख्याची पाती वाकली होती. म्हणजे आदळताना तो जोरात फिरत होता आणि इंजिन ठीक होते. मग वाचलेल्या एका उतारूने सांगितले, की वैमानिक एका तबकडीवर सारखी टिचकी मारत होता आणि वेग येत नाही म्हणत होता. बन्सीधर साहेबांना उलगडा झाला. वेग कमी आहे असे समजून, तो वाढावा म्हणून वैमानिकाने विमानाचे नाक खाली दाबले असणार, आणि जमीन तर जवळच होती. त्या तबकडीचा माग काढत ते माझ्यापर्यंत पोचले. बारीक तारेने त्यांनी माझे तोंड कोरले. वाळलेला पिवळा गोळा तळहातावर पडला. त्याला गुळाचा वास होता.

पोलीस ठाण्याच्या अमीन साहेबांनी, म्हणजे फौजदारांनी, सटवाजीला समोर उभे केले होते. तो गोळा पाहताच त्याचा चेहरा उतरला. खाली मान घालून तो म्हणाला, "म्याच भरलं, साहेब. मला न्या."

मागे उभी असलेली चतुराबाई पुढे आली. "न्हाई साहेब, मला वाचवायला खोटं बोलायलेत ते. नवमीचा निवद हाय, मी भरवला. माझ्या लेकराला आणणारं इमान, त्याला उपाशी कसं ठिवावं?"

अमीन साहेब तिलाही धरा म्हणाले. बन्सीधर साहेबांनी त्यांना थांबवले. मुक्कामाला या नळीच्या तोंडावर टोपी घालायची असते, उडण्याआधी आत बघायचे असते, आणि कंपनीच्या माणसांनी दोन्ही केले नाही, असे ते म्हणाले. "तिनं घास भरवला. बघायचं काम आमचं होतं."

सटवाजीच्या बेड्या निघाल्या. तो घराकडे वळला, पण चतुराबाई माझ्याकडे आली. तिने पदराने माझे तोंड पुसले आणि हळूच म्हणाली, "गेले त्यांच्या बी आया वाट बघत असतील की, साहेब."

बन्सीधर साहेबांनी मला हैदराबादला नेले. नव्या मिस्त्र्यांना ते मला दाखवत आणि सगळे सांगत. ते वारल्यापासून मी एका खोक्यात पडले आहे. इथे वारा येत नाही. ते मैदानही पुढे बंद पडले म्हणतात.

मित्रांनो, वस्तूंना जीव लावा, चतुराबाईसारखा भरभरून लावा. पण त्या वस्तूला काय लागते, ते कुणाला तरी विचारून घ्या. आणि ज्यांच्या हाती लोकांचे जीव आहेत, त्यांनी निघण्यापूर्वी माझ्यासारखीच्या तोंडात एकदा वाकून बघावे. तेवढ्याने कुणाचे तरी लेकरू घरी पोचेल.