कराची ते मुंबई, दीड तास

तुम्ही फसवलंत आम्हाला, साहेब. तुमचं नाव मला ठाऊक नाही, तुमची खुर्ची कुठल्या मजल्यावर आहे तेही ठाऊक नाही. फोनवर आवाज तेवढा ऐकलाय.

शुक्रा माझा चुलतभाऊ. झरीचा. गुजरातेत ओख्याच्या मासेमारी बोटीवर खलाशी म्हणून गेला. बोट पाण्यातली हद्द ओलांडून गेली, तिकडच्यांनी धरली. तिकडच्याच तुरुंगात तो आजारी पडून मेला. हे तुम्ही मला फोनवर सांगितलंत. मी विचारलं, "आणणार कधी?" तुम्ही म्हणालात, "कराची काय लांब आहे? विमानाने मुंबई दीड तास. पाठवतो."

दीड तास! उधव्याला जीप भरेपर्यंत थांबा, मग तलासरीला उतरा, दीड तास होतोच. अख्ख्या पाड्याने तोच हिशेब केला. शुक्रा संध्याकाळपर्यंत घरी.

आमच्यात मयताला आग लागेपर्यंत पाड्यात कुणाची चूल पेटत नाही. चुली विझल्या. गड्यांनी लाकडं रचली. शुक्राची बायको रूपी अंगण सारवून दाराशी बसली. शेजारचा हिरू म्हणाला, "जिता होता तेव्हा कधी वेळेवर आला नाय, आता काय घाई करतोय!" रूपीसुद्धा जरा हसली.

संध्याकाळ झाली. दुसरा दिवसही गेला. उधव्याच्या सोयऱ्यांनी भाकऱ्या आणल्या, पण त्यांचीही भातकापणी, रोज कोण येणार? मी तुम्हाला फोन लावत होतो. कधी "प्रोसेस चालू आहे", कधी नुसतीच रिंग. पोरं कच्चे तांदूळ चघळायला लागली. हिरूची म्हातारी आई झीट येऊन पडली.

तेव्हा काकड्याबाबा, आमच्या पाड्याचा जाणता, रूपीजवळ येऊन बसला.

"पोरी, पेंढ्याचा शुक्रा करू. त्याला आग देऊ. तू हो म्हण."

"आणि मागून तो आला तर?"

"एका माणसाला दोनदा आग देत नाय. समजून हो म्हण."

"मग मी नाय म्हणते."

"नाय म्हण. पण त्या पोरांकडं बघून म्हण."

रूपीने बघितलं. उठून आत गेली, शुक्राचा लग्नातला सदरा आणला आणि पेंढ्याच्या माणसाला तिनेच घातला. बटणंही लावली. आग दिली. घरोघर धूर निघाला.

गुरांनी त्या सालचा पेंढा खाऊन संपवला, तेव्हा तुमची गाडी झरीत आली. पेटी खिळे ठोकून बंद. रूपी पेटीला बिलगली. मग काकड्याबाबाच्या पायाशी बसली. "एकदाच आग द्या, बाबा. हा खरा हाये." म्हातारा रडत होता, पण नाहीच म्हणत होता. दोनदा आग दिली तर ती दुसरं मयत मागते, असं आमच्यात मानतात. मी भांडलो. म्हटलं, मोडा ही रीत. "तुझ्या घरातलं कोण देतोस?" त्याने विचारलं. मी कुदळ उचलली.

अनोळखी वाटसरू मेला तर जिथं पुरतात, तिथं ओहोळापलीकडं शुक्राला पुरलं. स्वतःच्या गावात परका. पेटीवर घालायला त्याचं एक कापडही रूपीकडं उरलं नव्हतं, होता तो सदरा पेंढ्यासोबत जळला होता.

आता ती मजुरीला जाते, पाणी भरते, सगळं करते. फक्त ताटावर बसली की म्हणते, "सुदामभाऊ, मला हो म्हणायची घाई झाली. अजून थोडी कळ काढायची होती." मी सांगतो, बाई, तू उपाशी मेली असतीस तरी पेटी तेव्हा आली नसती. ऐकत नाही. मी घरचा माणूस, मन राखायला बोलतो असं तिला वाटतं.

तेव्हा तुम्हीच सांगा. शुक्रा इतका काळ कुठं पडून होता? कुणाची सही अडली होती, कोण रजेवर होतं? झरीला या, रूपीसमोर जमिनीवर बसा आणि तिच्या तोंडावर सांगा, चूक कुणाची होती. तिची, की तुमची? बोला.