ताईचे रिप्लाय

माझी कादंबरी मी करंगळीने लिहिली. हे सांगितलं की लोक हसतात. पण टायरच्या दुकानात हाताची बाकीची बोटं काळी असतात आणि काळ्या बोटाला फोन जुमानत नाही. करंगळीचं पान्याशी काही काम नसतं, म्हणून त्यातल्या त्यात तीच स्वच्छ. एक गाडी गेली की दुसरी येईपर्यंत स्टुलावर बसायचं, चार ओळी मारायच्या, गाडी आली की फोन खिशात. म्हणून माझी वाक्यं लहान. नंतर पेपरात आलं की लेखकाने जाणीवपूर्वक तुटक शैली वापरली आहे. कसली शैली! गिऱ्हाईक हॉर्न वाजवत होतं.

लिहिलेलं सगळं मी ताईला पाठवायचो. आधी फोनमध्येच ठेवायचो, पण तो फोन एकदा पंक्चर शोधायच्या पाण्याच्या टबात पडला आणि सुरुवातीची प्रकरणं त्याच्याबरोबर बुडाली. मी जेवण सोडून बसलो. ताई म्हणाली, "एवढं काय तोंड पाडून बसलायस? मला पाठवत जा. मी काही पुसत नाही. माझ्याकडे तुझ्या भाऊजींचे लग्नाआधीचे मेसेजसुद्धा आहेत. तेव्हा ते 'जेवलीस का' विचारायचे."

ताई माझ्याहून बरीच मोठी. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं, दम देऊन देऊन. ती घरी पडदे शिवते. भाऊजी एका मोठ्या बिल्डिंगमध्ये सिक्युरिटीचे सुपरवायझर आहेत. घरीही सुपरवायझरच.

कादंबरीची गोष्ट साधी होती. एक ड्रायव्हर गाडी धुवायला म्हणून घरातून निघतो आणि परत येत नाही. कुठे जातो, त्याला कोण भेटतं, त्याच्या मनात काय चाललंय, हे सगळं. मागे घरी बायको वाट बघते. बायकोचं एवढंच.

ताई शिवता शिवता वाचायची आणि रिप्लाय करायची. छान असं तिने कधी म्हटलं नाही. एकदा मी विचारलंच, तर म्हणाली, "छान म्हणायला तुझे मित्र आहेत की." तिचे रिप्लाय असे:

"एवढा वेळ तो नुसता आकाशाकडे बघतोय. मान नाही का दुखत?"

"हा चहा पितो, सिगरेट ओढतो, विचार करतो. याचे कपडे कोण धुतंय?"

"थांब, दूध ठेवलंय."

"उतू गेलं. तुझ्या ड्रायव्हरमुळे."

मी तेव्हा मनावर घ्यायचो नाही. हसायचो, पुढचं लिहायचो.

एकदा मी लिहिलं की नवरा गेला त्या रात्री बायको खिडकीशी उभी राहून रडत राहिली. ताईचा लगेच रिप्लाय आला. "रात्रभर? सकाळी कुणाचा डबा भरायचा नाही म्हटल्यावर ती रडेल कशाला?" मग बराच वेळ काही नाही. मग आलं, "तुला माहीत नाही. मी सांगते. त्या रात्री ती पलंगाच्या मधोमध झोपली. हातपाय पसरून. आणि तिला एवढी गाढ झोप लागली की सकाळी तिची तिलाच लाज वाटली."

मी वाचलं. तेवढ्यात एक टेम्पो आला, मागची दोन्ही चाकं बसलेली. शेठ ओरडले. मी फोन खिशात टाकला आणि ते विसरून गेलो. ताई थट्टा करतेय असंच वाटलं होतं.

कादंबरी संपल्यावर मी एका प्रकाशनाला सुरुवातीची, परत लिहिलेली पानं पाठवली. बऱ्याच दिवसांनी तिथल्या संपादक मॅडमचा फोन आला, सगळी फाइल पाठवा. फाइल कुठे होती? सगळं ताईच्या चॅटमध्ये. मी ते चॅट जसंच्या तसं काढलं आणि टायपिंगच्या दुकानात नेलं. दुकानदाराला म्हटलं, "तारखा, वेळा, नावं सगळं उडव. नुसता मजकूर ठेव." त्याने अगदी सांगितलं तसंच केलं. माझं नाव उडालं, ताईचंही उडालं. ओळी मात्र दोघांच्याही राहिल्या, एकीखाली एक. मी बघितलंसुद्धा नाही. आपलंच पोर, ते परत काय न्याहाळायचं? पाठवून दिलं.

मॅडमनी भेटायला बोलावलं. ऑफिस म्हणजे एका जिन्याखालची लांबट खोली. बसायला पुस्तकांचा गठ्ठा खुर्चीवरून खाली ठेवावा लागला. मी हात घासून घासून धुऊन गेलो होतो, तरी नखं मांडीखाली लपवून बसलो.

"हा दुसरा आवाज तुम्हाला कसा सुचला?" मॅडमनी विचारलं.

"कुठला दुसरा?"

"हाच की. लेखक इकडे डोळ्यांत पाणी आणतोय, आणि मध्येच कुणीतरी विचारतं, याचे कपडे कोण धुतंय? हसताना माझा चहा सांडला, हे बघा." खरंच पानावर डाग होता.

मग त्यांनी चष्मा काढला आणि पान न बघता पलंगाची ओळ म्हणून दाखवली. हळू, कुणाचं गुपित सांगावं तशी. म्हणाल्या, "अशी ओळ हाताला लागायला लोकांचं आयुष्य जातं. तुमचं तर अजून लग्नही झालेलं नाही."

क्षणभर वाटलं, गप्प बसावं. पण तोंडातून निघून गेलं. "मॅडम, ते माझं नाही. माझ्या ताईचं आहे. चुकून आलंय."

"म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. चॅट, टब, टायपिंगवाला.

"दुधाचंही?"

"दूध खरंच उतू गेलं होतं."

मॅडम हसल्या, डोळे पुसले, मग कामाचं बोलल्या. "मग ताईंना विचारा. नाव हवं असेल तर नाव देऊ. आमच्या प्रकाशक सरांशी मी बोलते, पुस्तक मोठं होईल हे."

"आणि ती नको म्हणाली तर?"

"तर मग उरतो तुमचा ड्रायव्हर." त्यांनी चष्मा परत लावला. "तो बरा आहे."

शेठ झिजलेला टायर हातात फिरवून असंच म्हणतात. बरा आहे, चालेल थोडा.

मी तिथून सरळ ताईकडे गेलो. दुपार होती. भाऊजी ड्युटीवरून येऊन आतल्या खोलीत झोपले होते, दार नुसतं लोटलेलं. ताईच्या मशीनसमोर निळ्या कापडाचा ढीग. मी हळू आवाजात सांगितलं. आधी तिला खरंच वाटेना.

"माझं? छापणार? दूधसुद्धा?"

"दूधसुद्धा."

"अरे मेल्या, आधी सांगायचं ना! जरा नीट तरी लिहिलं असतं." तोंडावर हात दाबून ती हसत होती. किती वर्षांनी तिला तसं हसताना बघितलं. "त्या बाई काय म्हणाल्या? परत सांग."

मी परत सांगितलं. चहाचा डाग सांगितला.

"आणि सगळ्यात कुठलं आवडलं त्यांना?"

"पलंगाचं."

मशीनच्या चाकावरचा तिचा हात थांबला. आतून भाऊजींचा खोकला आला, मग कूस बदलल्याचा आवाज. ताईने दाराकडे बघितलं.

"ते काढ."

"ताई, ती ड्रायव्हरची बायको आहे. लोकांना काय कळतंय कुणाचं ते?"

"लोकांचं कोण बोलतंय?" तिने हनुवटीने आत दाखवलं. "पलंग कुठला ते त्यांना बरोबर कळेल."

"भाऊजी कधी वाचतात?"

"तुझं वाचतील. चुका काढायला तरी वाचतील."

"तेवढं एक काढतो मग. बाकीचं राहू दे."

"बाकीचं बायकोने लिहिलंय म्हटल्यावर आणखी काय लिहिलंय ते फोनमध्ये शोधत बसतील. तुला माहीत नाहीत ते. सगळंच काढ."

"मग मॅडम..."

"छापणार नाहीत?"

"छापतील. पण मेलेलं छापतील."

ताईने दोरा दाताने तोडला. "मी तुझ्याशी बोलत होते रे. तेवढीच एक जागा होती."

खरं सांगतो, मला तेव्हा तिचा राग आला. इतकी वर्षं काळ्या हाताने मी घासतोय, आणि दार उघडलं तेव्हा ही उंबऱ्यात आडवी. मी म्हटलं, "मग लिहायचं तरी कशाला एवढं?"

"चुकलं," ती म्हणाली, आणि मशीन सुरू केलं. जोरात. त्या आवाजात पुढे बोलता येण्यासारखं नव्हतं.

मी काढलं. एकेक ओळ शोधून, त्याच करंगळीने. मग वाटलं, आपणच तसं काहीतरी लिहू, त्यात काय एवढं? दुकानात बसून टोमणे जुळवले. बायकोच्या तोंडी घातले. मॅडमनी दोन पानं वाचली आणि खाली ठेवली.

"हे तुम्हीच बायकी आवाज काढून बोलताय."

तेही काढलं. मॅडमनी मग फोन करणं कमी केलं. पण सरांना त्या वर्षी एक नवा लेखक हवाच होता, म्हणून पुस्तक थांबलं नाही. सरांचा निरोप आला, बायकोचं दुःख वाढवा, वाचक रडला पाहिजे. मी वाढवलं. खिडकीचं अख्खं प्रकरण केलं. ती जेवत नाही, झोपत नाही, त्याचा शर्ट छातीशी धरते. लिहिताना मला कंटाळा येत होता. पुस्तक निघायचं असेल तर चालतंय, म्हणत लिहिलं.

पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर रिकामा रस्ता आणि मधोमध एक चप्पल. चप्पल कादंबरीत कुठेच नाही. शेठनी एक प्रत कॅश काउंटरवर ठेवली, तिच्यावर आता हवा मारायचं मीटर असतं. पेपरात जे आलं त्यात तुटक शैलीचं कौतुक होतं आणि शेवटी एक वाक्य: बायकोचं पात्र मात्र रडण्यापलीकडे जात नाही. ते वाक्य वाचून मी कात्रण घडी करून खिशात ठेवलं, आणि दिवसभर काम करताना ते मांडीला टोचत राहिलं.

भाऊजींना मात्र पुस्तक फार आवडलं.

एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. त्यांचे ड्युटीवरचे दोन मित्र आले होते. भाऊजी पलंगावर मांडी घालून बसले होते, पुस्तक उघडून, पानांत खुणेला वीजबिल घातलेलं. "ऐका," म्हणाले, "आमच्या मेव्हण्याने लिहिलंय. टायरवाला आहे, पण डोकं बघा." आणि त्यांनी खिडकीचं प्रकरण मोठ्याने वाचलं. सगळं. न अडखळता. शर्ट छातीशी धरते तिथे त्यांचा आवाजसुद्धा भरून आला.

"याला म्हणतात बाई," ते म्हणाले. "नवरा गेला तर अन्नाला शिवत नाही. खरं की नाही? काय गं?"

ताई कोपऱ्यात पडद्याला कडी टाचत होती. "हो," म्हणाली.

"अरे, हिला विचारूनच लिहिलं असणार याने!" मित्र हसले. भाऊजी सगळ्यात जास्त हसले. मीही हसलो थोडा. हसायलाच लागलं.

निघताना ताई जिन्यापर्यंत आली. एरवी दारातूनच हात करते. कठड्याचा रंग नखाने खरवडत उभी राहिली.

"ते पलंगाचं खरंच काढलंस?"

"तूच म्हणालीस ना."

"हो. मीच म्हणाले." खरवडलेला रंग तिने फुंकून उडवला. "मला वाटलं होतं, तू ऐकणार नाहीस. लहानपणापासून कधी ऐकलंयस माझं?"

ताई, अगं, एवढंच म्हणालो. आतून भाऊजींनी हाक मारली, चहा टाक म्हणून. ती गेली.

आता मी दुसरी लिहायला घेतली आहे. तसंच, स्टुलावर बसून, गाड्यांच्या मधल्या वेळात. परवा पहिला तुकडा झाला. त्यात एक माणूस आहे, घर सोडून आलेला, तो महिनाभर तोच शर्ट घालून हिंडतो, चहा पितो, आकाशाकडे बघतो. मी मुद्दाम लिहिलं. मान वर करून, शर्ट न धुता, पानभर. एवढं वाचून ताई गप्प बसणंच शक्य नाही, असं मला वाटलं.

पाठवलं. तिने लगेच वाचलं. वर 'टाइप करत आहे' दिसायला लागलं. थांबलं. परत दिसलं. एक गाडी येऊन उभी होती, शेठ हाका मारत होते, मी उठलो नाही. बराच वेळ ती काहीतरी लिहीत होती.

मग रिप्लाय आला.

"छान."