दाखवून दिलेलं मत

ताई धाकट्या बहिणीला पाण्यात पाहतात, हे पक्षातल्या शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त ताईंना वाटायचं, की कुणाला ठाऊक नाही.

आणि का पाहू नये? चार वेळा त्या आमदार म्हणून निवडून आल्या होत्या. कुणाच्या तुंबलेल्या गटारासाठी, कुणाच्या अडकलेल्या पेन्शनसाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा कुठे लोकांनी मतं दिली. आणि छोटी? छोटी वीस वर्षं कायद्याच्या कॉलेजात शिकवत होती. गल्ली म्हणून तिने पाहिली असेल ती पुस्तकांच्या दोन कपाटांमधली. पण वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत जनता मत देत नाही, आमदार देतात. त्यामुळे एका दाराची बेल न वाजवता बाईसाहेब थेट संसदेत जाऊन बसणार होत्या. त्या जागेवर ताईंचा सहा वर्षं डोळा होता. अध्यक्षांनी उमेदवाराचं नाव वाचलं, त्यात आडनाव आधी होतं. ते ऐकून ताई अर्ध्या उठल्यासुद्धा. पुढचं नाव कानावर आलं, तेव्हा खुर्ची पुढे ओढायला उठल्यासारखं करून त्या परत बसल्या. तिकडे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ताईंनी सगळ्यात जास्त वाजवल्या.

मतदानाच्या दिवशी सकाळी छोटी त्यांच्या आमदार निवासातल्या खोलीवर आली. निवडून यायला पहिल्या पसंतीची एकतीस मतं लागत होती आणि पक्षाचे आमदारही मोजून एकतीस होते.

"ताई, तुझं मत आहे ना मला?"

"मी नाही दिलं तर घरी बसशील."

"म्हणून तर विचारतेय."

"विचारायला लागतं होय गं?" ताई म्हणाल्या आणि चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. आतून मात्र त्यांना गुदगुल्या होत होत्या. पन्नास वर्षांत पहिल्यांदा छोटीला असं काहीतरी हवं होतं, जे ताईंनी दिल्याशिवाय मिळणार नव्हतं.

ताईंच्या देण्याची एक तऱ्हा होती. लहानपणी दोघींत एक केक वाटायचा असला, तर ताई मोठा तुकडा छोटीलाच द्यायच्या. पण आधी तो वर धरायच्या, "बघ, मोठा तुझा," म्हणायच्या, आणि छोटीने नीट बघितल्याची खात्री झाली की मगच सोडायच्या. आई म्हणायची, "हिचं देणं आधी गावभर फिरून येतं."

मतदानाचा नियम साधा होता. मतपत्रिकेवर पसंतीचा आकडा लिहायचा, शेजारी बसलेल्या आपल्या पक्षाच्या प्रतोदाला दाखवायचा, म्हणजे कोणी फितूर झालं तर कळतं, आणि कागद पेटीत टाकायचा. प्रतोदाशिवाय दुसऱ्या कोणाला दाखवला, की मत बाद. नव्या आमदारांना हे त्याच सकाळी समजावून सांगितलं होतं कोणी, तर ताईंनीच. "कुणाला म्हणजे कुणालाही नाही," त्या म्हणाल्या होत्या, "नवरा समोर उभा राहिला तरी नाही." सगळे हसले होते.

मतदानाच्या दालनात पुठ्ठ्याचा आडोसा होता आणि आत दोरीला बांधलेलं जांभळं पेन. भिंतीलगतच्या खुर्च्यांवर उमेदवार बसले होते. छोटी तिसऱ्या खुर्चीत, मांडीवर हात ठेवून. आडोशामागे ताईंचं पेन तिच्या नावापाशी क्षणभर थांबलं, खोटं कशाला बोला. मग त्यांनी ठसठशीत 'एक' काढला. बाहेर येऊन प्रतोदांना दाखवला. प्रतोद घशाची गोळी चघळत होते. त्यांनी आधीच्या बावीस जणांना हलवली तशीच मान हलवली, नीट पाहिलंसुद्धा नाही.

एवढं मोठं देणं, आणि असं जाणार? ताई पेटीकडे वळल्या. छोटी त्यांच्याकडेच बघत होती. ताईंनी कागद छातीपाशी धरला, तिच्याकडे वळवला आणि भुवया उंचावल्या.

"आक्षेप," समोरच्या पक्षाचा माणूस उभा राहून म्हणाला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. निवडणूक अधिकाऱ्याने कागद घेतला, खाकी पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं आणि वर 'बाद' लिहिलं. अध्यक्षांनी ताईंना बाजूला घेतलं. "ताई, चार वेळा आमदार झालात. सकाळी तुम्हीच शिकवलंत सगळ्यांना. आता चुकून झालं म्हणू नका."

 ताई सांगणार काय? तिला दिसावं म्हणून दाखवलं? त्यापेक्षा मुद्दाम पाडलं म्हटलेलं बरं होतं.

संध्याकाळी मोजणी झाली. छोटीला तीस. ताईंनी कपाळाला हात लावला, आणि आत कुठेतरी त्यांना गारही वाटलं. पण सगळ्यात कमी मतं मिळालेला एक उमेदवार बाद झाला आणि त्याच्या मतदारांची दुसरी पसंती मोजायला घेतली. छोट्याशा पक्षाचे चार आमदार होते ते, ज्यांच्याकडे छोटी मत मागायलाही गेली नव्हती. त्यांतले दोघं तिच्या हाताखाली शिकलेले. चौघांनीही तिच्या नावापुढे 'दोन' लिहिला होता. चौतीस. ताईंच्या मतावाचून काही म्हणजे काही अडलं नाही.

बाहेर पत्रकारांनी गराडा घातला. एकाने विचारलंच, "सख्ख्या बहिणीनेच मत वाया घालवलं. काय वाटतं?"

छोटीने मागे उभ्या असलेल्या ताईंना हाताला धरून पुढे ओढलं. "वाया कुठे? मी आज निवडून आलेय ती ताईच्या मतावर. तिने मला एक दिला. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय."

सगळे कॅमेरे ताईंकडे वळले. ताईंना हसावं लागलं. टाळ्या वाजल्या, आणि या खेपेला त्या ताईंसाठी होत्या.

दोघी गाडीत बसल्या. ताईंच्या फोनवर एकामागून एक निरोप येत होते. बहीण असावी तर अशी, म्हणून.

"माझं मत तुला लागलंच नाही," ताई म्हणाल्या.

"नाही लागलं."

"मग सगळ्यांसमोर असं बोलायची काय गरज होती?"

छोटी खिडकीबाहेर बघत होती. "तुझ्याकडूनच शिकले," ती म्हणाली.

ताईंनी फोन पर्समध्ये टाकला. आयुष्यभर छोटीचा हेवा करताना त्यांनी एक गोष्ट फक्त स्वतःची म्हणून राखून ठेवली होती. आता देणंसुद्धा छोटीलाच जास्त चांगलं जमत होतं.