ओळख दाखवायची नाही

सुहासिनीच्या हातून चूक झाली ती निव्वळ आनंदाच्या भरात. दुष्टाव्याने चुकणाऱ्याला निदान स्वतःला शिव्या तरी देता येतात. आनंदाने चुकलेल्या माणसाने काय करायचं, हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.

जपानात त्सुकुबाच्या दोन स्टेशनं अलीकडे एक छोटं शहर आहे. तिथल्या नगरपालिकेत परदेशी लोकांसाठी सल्ल्याची एक खिडकी आहे आणि त्या खिडकीवर सुहासिनी मंगळवार-गुरुवार दुभाषी म्हणून बसते. कामं साधीच. कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा, पाळणाघराचा फॉर्म कसा भरायचा, विम्याचं कार्ड हरवलं तर काय करायचं. नवरा, केदार, तिची टिंगल करायचा की पुण्यात होतीस तेव्हा महापालिकेची पायरी चढली नाहीस, आणि इथे येऊन नगरपालिका चालवायला निघालीस. ती हसून सोडून द्यायची. बारा वर्षं नवऱ्याच्या व्हिसावर घर सांभाळल्यावर स्वतःचं टेबल आणि गळ्यात स्वतःच्या नावाची पट्टी मिळाली होती, तिच्या दृष्टीने हे काही थोडं नव्हतं.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला काचेचं दार सरकलं आणि स्वरूपा आत आली. इथल्या मराठी मंडळातली स्वरूपा. दिगंबरची बायको, पाच वर्षांच्या मितालीची आई, गणपतीत मोदकांच्या कळ्या इतक्या सुबक पाडणारी की बाकीच्या बायकांनी आपले मोदक झाकून ठेवावेत. सकाळपासून जपानी बोलून सुहासिनीची जीभ दमली होती. आपलं माणूस समोर दिसलं आणि तिच्या तोंडून जे निघायचं ते निघालंच.

"अगं स्वरूपा! तू इकडे कुठे?"

स्वरूपा जागच्या जागी थिजली. तिच्या हातात एक छोटं गुलाबी कार्ड होतं. बायकांच्या टॉयलेटमध्ये वॉशबेसिनपाशी ठेवलेली असतात, त्यातलं. घरात मारहाण होत असेल, कुणाचा धाक असेल तर या खिडकीवर या, असं त्यावर पाच-सहा भाषांत लिहिलेलं असतं. स्वरूपाने मूठ मिटली आणि कार्ड आत नाहीसं झालं.

"काही नाही ताई," ती हसून म्हणाली. "कचऱ्याचं नवीन कॅलेंडर हवं होतं."

सुहासिनीने कॅलेंडर दिलं. दुसरं काय देणार? स्वरूपाने ते नीट घडी घालून पिशवीत ठेवलं, केदारदादा बरे आहेत ना विचारलं आणि ती गेली. दार पुन्हा सरकून बंद झालं तेव्हा कुठे सुहासिनीला आपली चूक कळली.

कारण हे करायचं नाही, हे तिला घोकून घोकून शिकवलेलं होतं. महिन्यापूर्वीच तीन शनिवार प्रशिक्षण झालं होतं. खिडकीवरचे कारकून, दवाखान्यातल्या नर्स, बालवाडीच्या बाई आणि ही. शिकवायला कुरोदासान. साठीची, बुटकी, खणखणीत आवाजाची बाई. मार खाऊन आलेल्या बायकांच्या निवाऱ्यात अर्धं आयुष्य घालवलेली, आता नगरपालिकेतच आतल्या खोलीत बसणारी. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: समोर आलेली बाई तुमच्या ओळखीची असेल तर तुम्ही ओळख दाखवायची नाही. ती परकी आहे असं समजून मान लववायची. तुम्हाला ओळखायचं की नाही, हे तिला ठरवू द्यायचं. सुहासिनीने ते वहीत लिहून खाली लाल रेघ मारली होती. ती रेघ अजून तिथे आहे. डोळ्यांत खुपते.

दुपारी तिने कुरोदासानला सगळं सांगितलं. रडली नाही, पण थोडक्यात वाचली.

"मी फोन करू का तिला? घरी जाऊ का? बसने पाच मिनिटांचा रस्ता आहे."

"फोन कुणाच्या हातात असेल?" कुरोदासानने विचारलं. "दार कोण उघडेल?"

सुहासिनीने हातात घेतलेला फोन परत पिशवीत ठेवला.

"त्या एकदा आल्या, म्हणजे पुन्हाही येऊ शकतात. आपण दार उघडं ठेवायचं. मागे धावायचं नाही. मागे धावणारा एक माणूस त्यांच्या घरात आधीच आहे."

बोलणं बरोबर होतं. बरोबर बोलण्याचा कधी कधी इतका संताप येतो! सुहासिनी पुढचे तीन आठवडे दार सरकलं की मान वर करायची आणि मग आठवण होऊन खाली घालायची. व्हिएतनामी आले, नेपाळी आले, एक ब्राझीलचे आजोबा छत्री विसरून गेले. स्वरूपा आली नाही.

दिवाळीचा फराळ मंडळाने शहराच्या सभागृहात ठेवला होता. पोरं चकल्या खात एकमेकांशी जपानीत भांडत होती, मोठी माणसं मराठीत. दिगंबर सगळ्यांना कॉफी देत फिरत होता. त्याच्याविषयी वाईट बोलणारा माणूस मंडळात शोधून सापडला नसता. टोकियोला रोज दीड तास जाऊन यायचा, तरी सतरंज्या अंथरायला पहिला, गुंडाळायला शेवटचा. म्हाताऱ्या आई-वडिलांना कुणी भारतातून आणलं की विमानतळावर न्यायला हाच. स्वरूपा कोपऱ्यात मितालीची वेणी घालत बसली होती. घातलेली वेणी सोडून पुन्हा घालत होती.

दिगंबर कॉफीचा कप घेऊन सुहासिनीपाशी आला.

"वहिनी, एक गंमत विचारायची होती. आमच्या मॅडमच्या बसच्या कार्डावरच्या प्रवासांचा मी प्रिंट काढतो अधूनमधून. स्टेशनवरच्या मशीनवर निघतो ना. तर मागच्या महिन्यात एका गुरुवारी नगरपालिकेचा स्टॉप दिसला. ही म्हणते, लायब्ररीत गेले होते. आहे म्हणा लायब्ररी शेजारीच." तो हसला. "तुम्ही असता ना गुरुवारी? आली होती का आमची ही तुमच्याकडे?"

आता इथे शेजारची कुठलीही बाई असती तर पापणी न लववता म्हणाली असती, "छे हो! कधी नाही दिसली." चकलीचा तुकडा मोडत म्हणाली असती आणि विषय तिथेच मिटला असता. सुहासिनीसुद्धा एरवी अशा थापा मारण्यात कच्ची नव्हती. सासूला तिने बारा वर्षं फोनवर उपासाच्या थापा मारल्या होत्या. पण प्रशिक्षणाच्या तिसऱ्या शनिवारी कुरोदासानने स्वतः नवऱ्याचं सोंग घेऊन खिडकीवर दमदाटी केली होती, आणि त्या वेळी सुहासिनीने ठरलेलं उत्तर इतकं ठाम दिलं होतं की सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या होत्या. कोण आलं, कोण नाही आलं, यातलं काहीच सांगायचं नाही. 'हो' म्हणायचं नाही, 'नाही'ही म्हणायचं नाही. एकच वाक्य, सगळ्यांना सारखं.

तेच वाक्य तिने दिगंबरला दिलं. मराठीत.

"खिडकीवर कोण आलं, कोण नाही, हे आम्हाला सांगता येत नाही."

जपानी नवऱ्याला खिडकीच्या काचेपलीकडून हे ऐकवलं तर तो नियम समजून मान लववून जातो. दिवाळीच्या फराळाला, हातात कॉफी घेऊन, वहिनीने भावजींना हे वाक्य म्हटलं तर त्याचा एकच अर्थ होतो. वाक्य तोंडातून सुटलं त्याच क्षणी सुहासिनीला तो कळला. दिगंबरला तर आधीच कळला होता.

"नाही म्हणजे, सगळ्यांनाच असं सांगतो आम्ही," ती घाईने म्हणाली. "नियमच आहे."

"हो ना, नियम पाळायलाच हवेत," दिगंबर म्हणाला. "कॉफीत साखर बरोबर आहे ना?"

तो हसतच होता. मग त्याने कोपऱ्याकडे पाहिलं आणि स्वरूपाने मितालीची वेणी अर्धवट सोडली.

दोन दिवसांनी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून स्वरूपाचं नाव गेलं. कुणीतरी फोन बिघडला असेल म्हणालं. सुहासिनीने कुरोदासानकडे पुन्हा जाऊन कबुली दिली. या वेळी मात्र रडली. कुरोदासानने बालवाडीत मितालीवर लक्ष ठेवायला कळवलं, पोलिसांच्या सल्लाविभागाशी बोलून घेतलं. पण जिने स्वतः काहीच सांगितलेलं नाही, तिच्या दारावर कुणी थाप मारायची?

नोव्हेंबरच्या शेवटी एका मंगळवारी ती दोघं आली. खिडकीवर नव्हे, समोरच्या नोंदणीच्या काउंटरवर. दिगंबरने लांबूनच हात केला.

"वहिनी, जरा मदत करता का? हिचं देश सोडून जायचं नोंदवायचंय. आईची तब्येत बरी नसते, ही पुण्यात राहील. मितालीची शाळा आहे, ती राहील माझ्याजवळ. माझी आत्या येतेय सांभाळायला."

सुहासिनीने स्वरूपाकडे पाहिलं. थंडी फारशी नव्हती, तरी तिने गळ्यापर्यंत स्कार्फ गुंडाळला होता. मिताली एक दिवस आईशिवाय राहिलेली नव्हती, हे मंडळातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

काउंटरवरचा तरुण कारकून त्या प्रशिक्षणाला होता. जोडपं आलं आणि शंका आली की बाईला काही निमित्ताने वेगळं काढायचं, हे तो विसरला नव्हता. बायकोच्या विम्याच्या कागदावर तिला स्वतः आतल्या खोलीत सही करावी लागेल, दुभाषी तेवढी सोबत येईल, असं त्याने सांगितलं. दिगंबर उठायला लागला तसं त्याने नम्रपणे हात आडवा केला. दिगंबरने घड्याळ पाहिलं. "दहा मिनिटं," तो स्वरूपाला म्हणाला.

आत कुरोदासान वाट पाहत होती. सुहासिनी स्वरूपाच्या ओळखीची, म्हणून तिने आधी टेलिफोनवरच्या हिंदी दुभाष्याला लावून पाहिलं. कृपया प्रतीक्षा करा. पुन्हा लावलं. कृपया प्रतीक्षा करा. तीन मिनिटं गेली. शेवटी तिने रिसीव्हर ठेवला आणि सुहासिनीला बसायची खूण केली. "एकही शब्द गाळायचा नाही, एकही घालायचा नाही," ती म्हणाली.

"तुम्हाला घरी जायची भीती वाटते का?" कुरोदासानने विचारलं. "वाटत असेल तर इथून घरी न जाता तुमची सोय आत्ता करता येईल. मुलीलाही बालवाडीतून आणू."

सुहासिनीने शब्दाला शब्द लावून सांगितलं.

स्वरूपा कुरोदासानकडे पाहतच नव्हती. ती सुहासिनीकडे पाहत होती. "ताई, मी आले होते हे त्याला तुम्हीच सांगितलंत ना?"

"नाही गं. मी एवढंच म्हटलं की आम्हाला सांगता येत नाही."

"तेच ते," स्वरूपा म्हणाली.

"त्या काय म्हणाल्या?" कुरोदासानने विचारलं. सुहासिनीने तेही जपानीत सांगितलं. काय करणार, एकही शब्द गाळायचा नव्हता. स्वतःवरचा आळ स्वतःच्याच तोंडाने भाषांतर करून सांगायची पाळी कुणावर येऊ नये.

"आता त्यांना सांगा," स्वरूपा पुढे म्हणाली, अगदी पाठ केल्यासारखं, "की सगळं छान आहे. मी माझ्या मर्जीने जातेय."

सुहासिनीने सांगितलं. कुरोदासान लिहायला लागली.

"पण हे खोटं आहे," सुहासिनी जपानीतच म्हणाली.

कुरोदासानचं पेन थांबलं. "हे त्या म्हणाल्या, की तुम्ही?"

"मी."

कुरोदासानने पेन खाली ठेवलं. "मग मला ते लिहिता येत नाही. पुन्हा एकदा विचारा त्यांना."

सुहासिनीने पुन्हा विचारलं. या वेळी नियम बाजूला ठेवून विचारलं, हात जोडून विचारलं. "स्वरूपा, राहा गं. चूक माझी आहे, तिची शिक्षा तू मितालीला नको देऊस. या बाई खरंच सोय करतील."

"आणि नाही जमलं तर?" स्वरूपा म्हणाली. "गुपचूप गेले तर मे महिन्यात मितालीला पाठवीन म्हणालाय. तमाशा केलास तर तोंड बघू देणार नाही म्हणालाय. त्याचं बोलणं मला कळतं, ताई. तुमचं काय धरून चालू?"

सुहासिनीने हे सगळं कुरोदासानला सांगितलं, तेव्हा कुरोदासान फोन नंबरचा कागद पुढे सरकवत घाईने बोलू लागली की असं मुलीला अडकवून ठेवणं हीसुद्धा हिंसाच आहे, कायदा आहे, वकील आहे. सुहासिनी भाषांतर करत राहिली. स्वरूपाने कागदाला हात लावला नाही. "तो पर्स बघतो," एवढंच म्हणून ती उठली. तिला धरून ठेवायचा अधिकार त्या खोलीत कुणालाच नव्हता.

बाहेर दिगंबर उभाच होता. कारकुनाने फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. मुद्दाम सावकाश वाचला, बिचाऱ्याने. सुहासिनी ओळ न् ओळ मराठीत सांगत गेली: जाण्याची तारीख, पत्ता, परत येण्याचा बेत नाही. शेवटी त्याने मान वर करून थेट स्वरूपालाच विचारलं, मुलगी वडिलांकडेच राहणार, हे बरोबर आहे ना?

सुहासिनीने सांगायला तोंड उघडलं. पण स्वरूपाला तेवढं जपानी येत होतं.

"हाय," ती म्हणाली. हो.